जो चूक काढेल, तो उद्या वाचेल

आमच्या विहारात एक नियम आहे. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी सातला ग्रंथाची दोन पानं वाचायची आणि शेवटी वाचणाऱ्याने चार वाक्यं स्वतःच्या शब्दांत बोलायची. घाटकोपरच्या टेकडीवरची आमची वस्ती. एका दिवशी एका घराचा नंबर. वाचताना कोणी मध्येच चूक काढली, तर दुसऱ्या दिवशी त्यानेच वाचायचं. वाचणाऱ्याला कोणी हसू नये म्हणून जुन्या लोकांनी हा नियम केला. झालं असं, की कोणी कोणाची चूक काढतच नाही. सगळे माना डोलावतात.

आमच्या घराचा नंबर आला की हे वाचायचे आणि मी मागे चहा उकळत उभी राहायचे. माझं शिक्षण चौथी. पाचवीची शाळा पुढच्या गावात होती, तिकडे मला कोणी धाडलं नाही. वाचता येतं, या वहीत गुपचूप लिहितेही. पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी चहाच्या टोपामागे लपते. त्यात माझं बोलणं म्हणजे मिसळ. मी घरी साड्यांना फॉल लावते. गिऱ्हाईकं बहुतेक गुजराती भाभ्या. दिवसभर हिंदी, गुजराती, मराठी एकाच टोपात ढवळायची आणि माहेरचं ‘पानी’, ‘लोनी’ वरून घालायचं.

माझी मुलगी बारावीला आहे. गेल्या वर्षी मीच तिला म्हटलं, “माझं कुठे चुकतं ते सांगत जा गं.”

“नंतर चिडायचं नाही हां.”

“नाही चिडणार.”

त्याच दिवशी मी म्हणाले, “आज साबण स्वस्त भेटला.”

“काय म्हणाला?”

“कोण?”

“साबण. भेटला ना तुला रस्त्यात?”

मी सुई बाजूला ठेवून हसले. माणूस भेटतो, वस्तू मिळते, हे मला असं कळलं. मग दुसरं निघालं. मी म्हणाले, “मी बाजारात गेली होती.” तर ती म्हणे, “गेली ती. दुसरी बाई. तू गेले.”

“अगं, मी एकटीच तर होते. ‘गेले’ म्हटलं की चार जणी गेल्यासारखं वाटतं.”

“वाटू दे. तू गेले, तू आले, तू जेवले.”

“म्हणजे मी ‘मी जेवले’ म्हणायचं आणि तू मला ‘तू जेवलीस’ म्हणायचं. तूच चुकलीस!”

तिने जीभ चावली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला व्याकरणात पकडलं होतं, त्या दिवशी भाताला दोन शिट्ट्या जास्त झाल्या तरी मला वाईट वाटलं नाही.

‘माझी मदत कर’ हे हिंदीतून आलेलं. मराठीत ‘मला मदत कर’. एकाने केलं तर ‘त्याने’, अनेकांनी किंवा मोठ्या माणसाने केलं तर ‘त्यांनी’, आणि त्या ‘त्यांनी’वरचं टिंब विसरायचं नाही. साड्यांना टाचायच्या चिठ्ठ्यांवर मी ‘फुल डिझाईन’ लिहायचे, तिने लाल पेनाने ‘फूल’ केलं. शब्द एकटा असला की दीर्घ, शेपूट लागली की आखूड: फूल, फुलाला, मूल, मुलाला. हे मला लगेच पटलं. कापड एकीकडे वाढलं की दुसरीकडे कमी पडतंच. माझी स्वतःची युक्तीही सापडली: लिहिलेलं एकदा मोठ्याने वाचायचं. जीभ अडखळली तर तिथे बहुतेक काहीतरी चुकलेलं असतं.

सगळ्यात अवघड ‘ण’. “जीभ मागे वळव, टाळूला लाव,” मुलगी सांगायची. मी इतकी वळवली की ‘मन’ही ‘मण’ व्हायला लागलं. यांना तर चेष्टेला विषयच मिळाला. भात वाढायला गेले की ताटावर हात धरून म्हणायचे, “णको, णको. आणखी णको.”

घरात हे चालू होतं, बाहेर कोणाला पत्ता नव्हता. आणि मग या वर्षी तो दिवस आला.

वाचायला समोरच्या दारातल्या वहिनी होत्या. दहावी पास, आवाज खणखणीत, वस्तीत कोणाला न घाबरणाऱ्या. त्यांनी दोन पानं वाचली, ग्रंथ मिटला आणि बोलायला लागल्या. मी चहा गाळून दाराशी येऊन उभी होते. वहिनी म्हणाल्या, “दिवसभर कितीपण कटकट असू दे, इथे आली की मला शांती भेटते.”

“मिळते,” मी म्हणाले.

शपथेवर सांगते, मला बोलायचं नव्हतं. मुलीच्या शिकवणीने तोंडातून आपोआप निघालं. आणि नेमके त्या दिवशी वरचे पंखे बंद होते, आवाज झाकायला काहीच नव्हतं. सगळा हॉल वळून बघायला लागला.

“कोण बोललं गं ते?” वहिनींनी विचारलं.

मी ट्रे घेऊन दाराआड सरकायला गेले, तर कपांच्या खुळखुळाटानेच सांगून टाकलं.

“अगो बाई! ही? हिला आवाज आहे?” सगळे हसले. “उद्याचा नंबर तुझा गं. नियम म्हणजे नियम!”

रात्रीच्या जेवणाला हे म्हणाले, “तू कशाला टेन्शन घेतेस? नंबर घराचा धरतात, घरातलं कोणीही वाचलं तरी चालतं. लेक वाचेल.” मुलगीही तयार होती. मी हो म्हणाले. सुटले, असं वाटलं.

सकाळी दार वाजलं. वहिनी. मला वाटलं, आता वाट लागली, ही भांडायला आली. मी आधीच म्हणाले, “वहिनी, चुकलं माझं.”

“तुझं कुठे चुकलं? माझं चुकलं ना. दहा वर्षं वाचते मी तिथे. एक माणूस कधी बोलला नाही. मी समजत होते मी झकास बोलते.” त्या उंबऱ्यावरच बसल्या. “अजून काय काय चुकतं सांग. आणि संध्याकाळी तू वाचणार ना? का पोरीला पाठवशील?”

मी चहा ठेवायला आत वळले.

“बघ हां,” त्या म्हणाल्या, “मला टोकलंस आणि स्वतः लपलीस तर मी अख्ख्या गल्लीत सांगेन.”

त्या हसत होत्या, पण बोलणं मला लागलं. त्यांची चूक सगळ्यांसमोर निघाली आणि माझ्या चुका मात्र घरात, दार लावून. हे काही बरोबर नव्हतं. मी मुलीला सांगितलं, “तू बस. मी वाचते.”

संध्याकाळी ग्रंथ उघडला. त्या दिवशीच्या पानांवर दोन गावांचं नदीच्या पाण्यावरून भांडण होतं. ओळीओळीला पाणी! पाणी, पाण्याचा, पाण्यासाठी. पहिलं ‘पानी’च निघालं. दुसऱ्याला जीभ वळवली, ‘पाणी’ आलं. तिसऱ्याला पुन्हा ‘पानी’. समोर मुलगी ओठ दाबून बसली होती, तिला हसू येत होतं की भीती वाटत होती, मला कळलं नाही. मी तिच्याकडे बघायचं सोडलं आणि बोट ओळीखाली ठेवलं. शब्दाला शब्द लावत गेले, जसा फॉलला टाका घालते. हळूहळू मला भांडणच दिसायला लागलं. आमच्या नळावरही अशीच भांडणं व्हायची. कोण कुठे उभं आहे, कोण आधी हात उचलणार, हे बघायच्या नादात पुढची किती ‘पाणी’ बरोबर आली आणि किती चुकली ते मी मोजलंच नाही.

दुसरं पान संपलं तेव्हा दोन्ही गावांची माणसं काठ्या घेऊन समोरासमोर उभी होती. मी थांबले. आता ती चार वाक्यं बोलायची होती. मी ग्रंथ मिटायला घेतला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या आजी, ज्या एरवी वाचन सुरू झालं की डुलक्या काढतात, त्या मान उंच करून म्हणाल्या, “मग? झाली का मारामारी?”

“आजी, दोनच पानं वाचायची असतात,” मी म्हणाले.

“ते मला नको सांगू. माणसं काठ्या घेऊन उभी केलीस आणि आता घरी जाऊ म्हणतेस? वाच पुढे.”

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग हातानेच खूण केली, वाच.

मी पान उलटलं.