काट्याला कोण हरवणार?

बाजाराच्या मागच्या गल्लीत वहिनींची लाँड्री होती, आणि बॉक्सिंगमध्ये वहिनी आपल्या वजनगटात देशात पहिल्या क्रमांकावर होत्या. पहिला क्रमांक म्हटला की गिऱ्हाईक विचारायचंच, "म्हणजे चॅम्पियन तुम्हीच की!" मग वहिनींना इस्त्री बाजूला ठेवून सगळं पुराण सांगावं लागे. चॅम्पियन क्रमवारीच्या बाहेर, सगळ्यांच्या वर बसते. तिच्याखाली एक, दोन, तीन. दर महिन्याला समिती बसते, कोणी कोणाला हरवलं ते बघते आणि नावं वरखाली करते. तगड्या बाईला हरवलं तर मोठी उडी, लिंबूटिंबूला हरवलं तर कोणी ढुंकून बघत नाही, आणि घरी बसलं तर आपसूक घसरण. पहिल्या क्रमांकाला चॅम्पियनचा पट्टा मिळत नाही, पट्ट्यासाठी लढायचा हक्क मिळतो.

"म्हणजे रांगेत पहिल्या," गिऱ्हाईक म्हणे.

"हो, पण खिडकी बंद," वहिनी म्हणत.

खिडकी बंद होती चॅम्पियनमुळे. ठरलेल्या मुदतीत पहिल्या क्रमांकाशी लढणं तिला भाग होतं, पण तोवर हवी ती प्रतिस्पर्धी निवडायची मुभा होती. तिने कधी चौथी निवडली, कधी सातवी. मुदत आली तेव्हा एकदा तिचा हात दुखावला, एकदा सभागृहच मिळेना. इकडे वहिनी चाळिशीला टेकल्या. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. शेवटी समितीने चॅम्पियनचे कान पिळले आणि तारीख ठरली. वहिनींना ही एकच संधी होती, आणि पट्टा त्यांना अगदी मनापासून हवा होता.

लढतीच्या आदल्या दिवशी वजन झालं. वहिनी काट्यावर चोख भरल्या. चॅम्पियन चढली आणि आकडा पुढे गेला. पाव किलो जास्त! समितीच्या साहेबांनी नियम सांगितला. दोन तासांत वजन उतरवा, नाहीतर पट्टा इथेच काढून घेऊ. लढत तरीही होईल. वहिनी जिंकल्या तर पट्टा त्यांचा, चॅम्पियन जिंकली तर कोणाचाच नाही, आणि बरोबरी झाली तर रिकाम्या पट्ट्यासाठी महिन्याभरात पुन्हा लढत.

वहिनींचा नवरा नाचायचाच काय तो बाकी राहिला. "अगं, काम फत्ते! ती निम्मी तर इथेच हरली."

चॅम्पियन कोपऱ्यात दोन दोन स्वेटर घालून दोरीवरच्या उड्या मारत होती, पण अंगावर घामाचा टिपूस नव्हता. कालपासून पाणी न प्यायलेलं अंग, घाम येणार कुठून! शेवटी ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. वहिनी बघत राहिल्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण आला तो राग.

"चल, ऊठ," त्या तिच्यापुढे जाऊन म्हणाल्या. "दोन गल्ल्या सोडून माझी लाँड्री आहे. आत भट्टी पेटल्यासारखं तापलेलं असतं. घाम नाही निघाला तर नाव बदलेन."

"ताई, तुम्ही?" तिचा विश्वासच बसेना.

नवऱ्याने डोक्याला हात लावला. "अगं, आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतेस? ती वजनात बसली तर उद्या बरोबरी झाली तरी पट्टा तिच्याकडेच राहील!"

"माहीत आहे मला. इतकी वर्षं चॅम्पियनला हरवायचं म्हणून थांबले ना मी? तिचा पट्टा काट्यानेच घेतला तर मी हरवायचं कोणाला? काट्याला?"

नियमाप्रमाणे साहेबही सोबत आले. वहिनींनी चॅम्पियनला गरम चादरींत गुंडाळून यंत्राशेजारी बसवलं आणि स्वतः वाफ सोडली. थोड्या वेळाने ती निथळायला लागली, आणि साहेब तिच्याहून जास्त. नवरा फुगून बसला होता, पण साहेबांच्या शर्टाची दशा त्याला बघवेना. त्याने तो मागून घेतला आणि कडक इस्त्री करून दिला. मुदत संपायच्या आत चॅम्पियन पुन्हा काट्यावर चढली आणि वजनात बसली.

दुसऱ्या दिवशी या उपकाराची फेड तिने पहिल्याच फेरीत वहिनींच्या नाकावर ठोसा हाणून केली. वहिनींना बरं वाटलं. दयामाया दाखवली असती तर त्या चिडल्या असत्या. पहिल्या फेऱ्या चॅम्पियनच्या, मधल्या कोणाच्या ते सांगणं कठीण, आणि शेवटच्या फेऱ्यांत वहिनींनी तिला दोरांपाशी कोंडून श्वास घेऊ दिला नाही.

रिंगच्या तीन बाजूंना तीन परीक्षक होते. फेरी जिंकणारीला दहा गुण, हरणारीला नऊ, आणि फेरी संपली की कागद जमा. मागाहून खाडाखोड नाही. एका परीक्षकाने चॅम्पियनला कौल दिला, दुसऱ्याने वहिनींना. तिसऱ्याची बेरीज समान निघाली तर पट्टा जागचा हलणार नव्हता. त्या क्षणी वहिनींना आपल्या थोरपणाचा भयंकर पस्तावा झाला, हे सांगितलंच पाहिजे. निवेदकाने घसा खाकरला.

"आणि नवी..."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. नवरा खुर्चीवर चढून शेजारच्या अनोळखी माणसाचे मुके घेत होता. साहेब पट्टा घेऊन आले, तर जुन्या चॅम्पियनने तो त्यांच्या हातून घेतला आणि स्वतः वहिनींच्या कमरेला बांधला.

"ताई, काल पट्टा काढून घेतला असता ना, तर मी जन्मभर म्हणत राहिले असते, मला कोणी हरवलंच नाही."

वहिनींचं नाक सुजलं होतं, हसताना दुखत होतं, तरी त्या हसल्या. "आणि आता काय म्हणशील?"

"तुम्ही हरवलंत," ती म्हणाली आणि वहिनींच्या गळ्यात पडली.