विश्राम चोगल्यांच्या खांद्यावरून

आगबोट हर्णैसमोर थांबली तेव्हा सुवर्णदुर्गावर कोवळं ऊन पडलं होतं. देखावा सुंदर होता, पण मला तो धड पाहता आला नाही. बोट किनाऱ्याला लागतच नाही, ही गोष्ट पुण्यात मला कुणी सांगितली नव्हती. आधी पडावात (माणसं आणि माल नेणाऱ्या होडीत) उतरायचं आणि पडाव उथळ पाण्यात आला की कुणाच्या तरी खांद्यावर बसून कोरडी वाळू गाठायची. जिवंतपणी खांद्यावरून जाण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग.

येण्याचं कारण असं. आमच्या मासिकाकडे बुरोंडीच्या विश्राम चोगले नावाच्या खलाशाचा एक लेख आला होता. त्यात त्यानं स्वतःवर गुदरलेलं लिहिलं होतं: दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या बंदराजवळच्या बागेतल्या बाकावर ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी होती. हा दमलेला माणूस त्या बाकावर बसला आणि शिपायानं त्याला गचांडी धरून उठवलं. ते पाहून एक झुलू हमाल मुद्दाम येऊन तिथेच बसला. त्याला उठवलं तर दुसरा बसला, मग तिसरा. शेवटी दमला तो शिपाई. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. संपादकांनाही लेख फार आवडला, पण असलं मराठी खलाशाला येणं शक्य नाही, कुणा पदवीधरानं लिहून दिलं असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी जाऊन खात्री करायची. त्यानंच लिहिला असेल तर नावानिशी छापायचा, नाहीतर साभार परत.

खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं. शेजारच्या खांद्यावरून एक वकील चालले होते, त्यांना मी ते लाटांच्या वरताण आवाजात ऐकवलं. “खलाशी कसला लिहितोय!” एवढ्यात एक लाट आली. मी खालच्या माणसाचे केस दोन्ही मुठींत धरले आणि ओरडलो, “नीट धर रे, जोडे भिजतील!”

“जोडं नाय भिजायचं,” तो शांतपणे म्हणाला. “पन केस सोडा, दुकतंय.”

पुढे बैलगाडी. लाल धुळीनं माझा पांढरा कोट गेरूचा झाला. बुरोंडीला शाळेच्या तात्या मास्तरांकडे उतरलो. त्यांच्या स्वयंपाकघरातून घावन (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि नारळाचा रस आला. सहा घावन पोटात गेल्यावर मी विश्रामची चौकशी केली. तो चौथीपर्यंत इथेच शिकला, मास्तर सांगू लागले. पुढचं सगळं वाचन जहाजावर. त्या बाकाच्या प्रकरणावरून त्याला कामावरून काढलं. आता आगबोटीच्या दिवशी हर्णैला उतारू खांद्यावरून नेतो.

सातवा घावन पानातच राहिला.

संध्याकाळी शाळेत विश्राम आला. तोच. ओळखीची खूण त्यानं दाखवली नाही, आणि मला वर बघवेना. तरी संपादकांची अट सांगावीच लागली. आमच्यादेखत एक पान लिहायचं, आधी तयारी करता येणार नाही अशा विषयावर. तात्या मास्तर संतापले. खिडक्यांत गावातले खलाशी दाटले होते, त्यांच्यात कुजबूज सुरू झाली. विश्रामनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“लिवतो,” तो म्हणाला. “जहाजावर चाळीस वरसांचा झालो तरी मला ‘बॉय’च म्हनायचे. लेखाखाली माजा नाव पुरा पायजे. येवडाच मागना हाय.”

अर्धा तास बोरू कुरकुरत राहिला. मग विश्राम उभा राहिला आणि त्यानं लिहिलेलं वाचलं:

‘आज सकाळी माझ्या खांद्यावर पुण्याचे एक गृहस्थ बसले. वजन दोन मण, भीती तीन मण. माझ्यासारख्याला लिहिता येत नाही, असं ते माझ्याच डोक्यावरून सांगत होते. डर्बनच्या बाकानं मला बसू दिलं नाही. मी यांना बसू दिलं. तिथल्या शिपायानं मला खेचून उठवलं. मी यांना जपून वाळूत उतरवलं, जोडे कोरडे ठेवून.’

शाळा हसून हसून हलली. मीही हसलो. लाज तर इतकी वाटली की कान तापले, पण लाजेहून आनंद मोठा होता. असं पान दुसरं कोण लिहिणार होतं? मी उठून हात जोडले. “चोगले, चुकलो. तुमचं नाव पूर्ण छापलं जाईल.” खिडक्यांतून टाळ्या पडल्या, आणि कुणीतरी मास्तरांची घंटा घणघणवली.

परतीच्या दिवशी हर्णैला विश्राम चोगले माझ्यासमोर वाकले. मी नको म्हटलं, धोतर खोचलं आणि जोडे हातात घेऊन पाण्यात शिरलो. चौथ्या पावलाला पडलो. जोडे, धोतर, टोपी, सगळं समुद्रानं धुऊन काढलं. चोगल्यांनी हात दिला आणि पडावापर्यंत आम्ही शेजारी-शेजारी चालत गेलो. डर्बनची ती पाटी मीही डोक्यात घेऊन फिरत होतो, एवढं मला त्या खाऱ्या पाण्यात कळलं.

पुण्यात संपादकांनी ते पान दोनदा वाचलं. यातले भित्रे गृहस्थ कोण, असं त्यांनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

लेख पुढच्याच अंकात आला, पहिल्या पानावर, आणि त्याच्या शेजारी हेही पान. दोन्हींखाली ठळक टायपात छापलं होतं: विश्राम पांडुरंग चोगले, बुरोंडी.