पाढेसरांची परीक्षा

पाढेसरांना शिकवायला आवडे, शिकायला नाही. शिक्षकांना ऑनलाइन कोर्स सक्तीचे झाले तेव्हा त्यांनी सोपी वाट काढली. व्हिडिओ आवाज बंद करून लावून ठेवायचा, आपण वह्या तपासायच्या आणि शेवटची प्रश्नावली शेजारच्या वर्गाच्या तरुण बाईंकडून सोडवून घ्यायची. मोबदल्यात बाईंचा एखादा तास सर घेत. जन्मभर पोरांकडून पाढे घोकून घेतलेल्या माणसाला आता संगणक काय शिकवणार, असं ते ऐटीत म्हणत. प्रमाणपत्रं मात्र छान रंगीत येत.

अशाच एका प्रमाणपत्राने घात केला. नव्या वर्षी एका मुलीची आई मुख्याध्यापिकांना भेटली. मुलीला अधूनमधून फिट येते, तेव्हा काय करायचं ते कळणारं माणूस जवळ हवं, म्हणाली. प्रथमोपचाराच्या कोर्सात पाढेसरांना पैकीच्या पैकी गुण होते. मुलगी त्यांच्याच वर्गात आली. सरांनी नुसती मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण मूठ झाकून झोप थोडीच येते? मुलीने डोळे चोळले तरी सरांच्या हातातला खडू थांबायचा. एवढी धास्ती आहे तर बघून का टाकत नाही तो व्हिडिओ, असं बायको म्हणाली. रविवारी बघू, असं ठरलं. रविवार आले आणि गेले. बघायला बसायचं म्हणजे आधी पाहिलाच नव्हता हे स्वतःशी कबूल करायचं, आणि तेवढा धीर सरांच्यात नव्हता.

मग अपूर्णांकांच्या तासाला ती बाकावरून घसरली. हातपाय ताठ, अंगाला झटके, डोळे वर. मुलं भिंतीला चिकटली. सरांनी तिचे दंड घट्ट धरले. कुणीतरी डब्यातला चमचा पुढे केला, तोही घेतला. तोंडाजवळ नेला आणि हात थबकला. घालायचा की नाही? पैकीच्या पैकी गुण आणि एवढंही ठाऊक नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला निघाल्यातली गत. गोंधळ ऐकून शेजारच्या बाई दारात आल्या. सगळ्या वर्गादेखत सर म्हणाले,

"मला काही येत नाही. तुम्ही सांगा."

बाईंनी भराभर सांगितलं. चमचा टाका, तिला धरून ठेवू नका, बाक सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, कुशीवर वळवा, घड्याळ बघा. सरांनी अंगातला स्वेटर काढून तिच्या डोक्याखाली सरकवला. घड्याळाचा काटा पुढे जाईना. अखेर झटके थांबले. मुलीने डोळे उघडले तेव्हा सरांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

आई धावत आली. लेकीला पोटाशी धरून झाल्यावर तिने सरांना हात जोडले. तुम्ही होतात म्हणून निभावलं, पुढच्या वर्षीही तुमच्याच वर्गात ठेवा, म्हणाली. गप्प बसणं अगदी सोपं होतं. शेजारच्या बाई तर मान खाली घालून उभ्या होत्या. सरांनी बाईंचा भाग वगळून स्वतःचं सगळं सांगून टाकलं.

लेकीला बाईंजवळ बसवून आई सरांच्या समोरच्या बाकावर बसली.

"ती पडली. आता काय करायचं? सांगा."

सर उभ्याउभ्या, घाम पुसत एकेक सांगत गेले. "आणि शुद्धीवर आली की लगेच पाणी पाजायचं."

"नाही. नीट बोलायला लागेपर्यंत घोटभरसुद्धा नाही. ठसका लागेल. पुन्हा सांगा, पहिल्यापासून."

सरांनी पहिल्यापासून सुरुवात केली.