आत्याने बदललेले टर्मिनल

घरी कुणीही आलं तरी माझी आत्या गाण्याचा आवाज कमी करत नसे. पाहुणा ओट्यावरून मोठ्यानं बोले, ती चुलीपासून मोठ्यानं उत्तर देई. कुणी फारच विनवलं तर म्हणे, "तुम्ही चहा पिऊन जाशीला. अर्ध्यात तोडलेलं गाणं कुठं जाईल?" तिला जाऊन आता काही महिने झाले. भेटायला येणारे म्हणतात, "बाई चांगली, पण जरा विक्षिप्त." मी मान हलवत नाही. दौंडच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्यात माझी सगळी नोकरी सरली. मला चारचौघांत भांडता येत नाही. म्हणून लिहिते आहे. ती विक्षिप्त नव्हती.

तिचं सासर मांडवगण फराट्याचं. तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, दौंडला रेल्वेत होते. कॉलनीतले एक साहेब निवृत्त होऊन कायमचे निघाले, तेव्हा त्यांचा जुना अॅम्प्लिफायर आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर मामांनी घेतले. टेम्पोतून गावी नेताना आत्या मागे दोन्ही पेट्यांच्या मध्ये बसली, एकेक हात एकेकीवर ठेवून. कॅसेट मामा लावत, पण खरी ऐकणारी ती. तव्यावरची भाकरी उतरवून विचारायची, "आज डावी पेटी दमल्यागत का वाजती?" आणि मामा निमूटपणे मागची वायर बघायला जायचे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मामा गेले. आमच्याकडची रीत अशी, की दुःखाच्या घरात वर्षभर गाणं वाजत नाही, गोडधोड होत नाही. पुरुष गेला असेल तर वर्ष सरल्यावरही बाईनं आपण होऊन काही लावायचं नसतं. पोरांनी लावलं तर ऐकायचं. आत्याला मूल नव्हतं. म्हणजे ते घर कायमचं गप्प होणार होतं, आणि हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

दहाव्याला पाहुण्यांसाठी खोली मोकळी करायची म्हणून तिचे दीर तात्या यांनी स्पीकर गोठ्यात हलवायला सांगितले. माणसांनी वायरी न सोडवताच पेट्या ओढल्या. वायर धरणारे मागचे प्लास्टिकचे चिमटे तुटून हातात आले. तात्या गावात वजन असलेले, सोसायटीच्या राजकारणातले. वाईट मनाचे नव्हते. तुकडे बघून म्हणाले, "जाऊ द्या वैनी. न्हाईतरी आता कोण वाजवतंय?"

आत्यानं तुकडे पदरात बांधले.

तेरावं झाल्यावर तिनं मला बोलावून घेतलं आणि आम्ही एसटीनं शिरूरला गेलो. एवढ्यात घराबाहेर पडलेली बाई बघून स्टँडवर ओळखीच्या दोघीतिघींनी तोंड फिरवलं. आत्यानं त्यांना नावानं हाका मारून खुशाली विचारली. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला माणूस तुकडे बघून म्हणाला, "मावशी, लई जुना माल हाय. नवीन सेटच घ्या की."

"नवरा गेला म्हणून नवीन कर म्हणशील का?"

तो उठून आत गेला. मग आतून त्यानं पितळी टर्मिनल काढले. टोपी फिरवून वायर आवळायचे, दोन तांबडे, दोन काळे. आत्यानं प्रत्येकाची टोपी चारदा फिरवून बघितली, भाजीवालीकडची भेंडी मोडून बघावी तशी.

काम भर दुपारी ओट्यावर चाललं, सगळ्यांना दिसेल असं. मी म्हटलं, आत बसू. म्हणाली, "चोरी करतीय व्हय मी?" नव्या टर्मिनलचे दांडे जाड होते, म्हणून सुताराचं गिरमिट आणून तिनं भोकं वाढवली. पेटीतली हवा फटीतून निघाली तर आवाज पडतो, असं मामा म्हणायचे. तिनं ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून गोल चकत्या कापून मधे बसवल्या. वायरींना कथलाचा डाग द्यायला वायरमन आला, तोही तात्यांची नजर चुकवून.

पेट्या खोलीत जागेवर ठेवून कॅसेट लावली. आवाज आला, पण पोकळ. गाणारा विहिरीपलीकडे उभा असावा तसा. शेजारी म्हणाले, वाजतंय की. आत्या म्हणाली, "ह्याला वाजणं म्हणत्यात व्हय?" मोटर उलटी फिरून पाणी चढेना झालं की शेतकरी काय करतो? दोन वायरींची अदलाबदल. तिनं तेच केलं, आणि दोघांत भेद नको म्हणून दोन्ही पेट्यांना केलं. काडीचा फरक पडला नाही. तिनं पुन्हा दोन्हींच्या वायरी फिरवल्या, पुन्हा तेच. बसलेल्यांना हसू फुटलं. ती तशीच पेटीला पाठ टेकून बसून राहिली. मग एकदम म्हणाली, "आगं, दोघांनी बी तोंड फिरवलं तर भांडान मिटंल कसं? एकानंच फिरवायचं." तिनं एकाच पेटीच्या वायरी बदलल्या. एकमेकींच्या उलट चाललेल्या पेट्या जुळल्या आणि तबला खोलीच्या मधोमध येऊन बसला.

संध्याकाळी तात्या आले. "वैनी, बंद करा. लोक काय म्हणतील?"

"बसा भावजी. ह्यांना आवडायचं ते लावलंय."

"आवो, वरीस तरी जाऊ द्या!"

"वरीस गेल्यावर तुम्ही लावायला येशीला? न्हाई ना? मंग ऱ्हाऊ द्या."

तात्या उभ्यानंच परत गेले. पुढे कितीतरी दिवस तात्यांच्या घरातलं कुणी आत्याकडे आलं नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं तिला तसंही नव्हतं. आता बारशा-जावळाचंही बंद झालं. हे तिला लागलं नाही असं मी म्हणणार नाही. पण आवाज तेवढाच राहिला.

काही वर्षांनी तात्याही गेले. त्यांचं तेरावं होऊन थोडे दिवस झाले असतील. मी आत्याकडे होते. दुपारी मागच्या दाराची कडी हळूच वाजली. तात्यांची बायको, आत्याची धाकटी जाऊ, परसातून आली होती. पदर कपाळाखाली ओढलेला. म्हणाली, "आक्का, घर खायला उठतंय. घटकाभर ऐकत बसू का? कुणाला सांगू नगा."

आत्यानं तिच्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता मागचं सगळं काढणार. ती म्हणाली, "बसायचं तर पुढच्या दारानं ये."

"पारावर मानसं हायती, आक्का."

"म्हनूनच."

जाऊ तिथंच घुटमळली. आत्यानं मागचं दार लावून घेतलं. पुढचं सताड उघडलं आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. घराला वळसा घालून, भर उन्हात, पारावरच्या माणसांसमोरून जाऊ चालत आली. आत्यानं तिला हाताला धरून आत घेतलं, दोन्ही पेट्यांच्या मध्ये बसवलं, आणि मला म्हणाली, "पोरी, मोठं कर."