आदिमानव, राहणार सुकापूर

लग्नाच्या पंगतीत वाढपी भात घेऊन आला की जनूकाका दोन्ही तळहात पत्रावळीवर आडवे धरायचे आणि म्हणायचे, "भात नको. भात म्हणजे साखर." हे ते शेजारच्याच्या कानात सांगत नसत. त्यांची सगळी नोकरी एसटीत, स्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात गेलेली. माइक सुटला तरी तो आवाज सुटला नव्हता. अख्खी पंगत घास हातात धरून थांबायची. वाढपी गोंधळून पुढच्या पाहुण्याला विचारायचा, "तुम्हालापण नको?" आणि तो भुकेलेला पाहुणा जनूकाकांकडे चोरट्या नजरेनं बघत पुटपुटायचा, "थोडा वाढा."

पनवेलजवळ सुकापूरला आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. जनार्दन गायकर, मूळचे जवळच्याच विचुंब्याचे. वडिलोपार्जित भातशेती होती तिथं आता इमारती उभ्या राहिल्यात, त्यातल्या एका इमारतीकडे बोट दाखवून ते सांगायचे, "तिसऱ्या मजल्यावर जो राहतो ना, त्याच्या खाली आमची विहीर होती." उंच, रुंद खांद्यांचा माणूस. रिटायर झाले तेव्हा पोट त्यांच्या पुढे चालायचं. त्याच सुमारास त्यांचे थोरले भाऊ दामूदादा साखरेच्या आजारानं गेले, आणि महिनाभरातच जनूकाकांच्याही रिपोर्टात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. काकांनी गोळ्या घेतल्या, पण त्यांचा खरा विश्वास बसला तो मोबाइलवर.

मोबाइलमधल्या कुणा पिळदार दंडाच्या गृहस्थानं त्यांना सांगितलं, की माणसाचं शरीर धान्यासाठी बनलेलंच नाही. शेती यायच्या आधी आपले पूर्वज शिकार करत, मासे धरत, कंदमुळं खात, आणि त्यांना ना साखर होती ना बीपी. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात उभे. "ताई, भात बंद, भाकरी बंद, पोहे बंद. आजपासून पूर्वजांचा आहार."

त्यांच्यामागून शेवंतीकाकूंचा आवाज आला. "कोन पूर्वज? तुमचा आजा तांदलाची भाकरी खायाचा, वाकटीचे कालवनाशी. मी सोता वाढलीय त्याला."

"तो आजा नाही. त्याच्याही आधीचे. गुहेतले."

"त्यांची नावं सांगा."

"नावं नव्हती गं तेव्हा!"

"मंग आपलेच कशावरून?" असं म्हणून काकू आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम आंबेमोहर लावला. वास आमच्या घरापर्यंत आला. काका जिन्यात येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "हवा खातोय."

इथून आमच्या मजल्यावर एक नवं युग सुरू झालं. न्याहारीला अंडी आणि सुकट. दुपारी मासे, वर चमचाभर तूप, त्यावर खोबरं. फ्लॉवर किसून केलेला 'भात' ते वाटीत घालून घरोघर चवीला द्यायचे आणि समोरच्यानं गिळेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. उरणहून पाटी घेऊन येणारी मासळीवाली त्यांच्यावर फार खूश होती. "आमचे शेठला दुसरा काय लागतच नाय," ती काकूंना सांगायची. काकू म्हणायच्या, "तुज्याकरं जेवाला नेलास तरी चालेल."

माझा नवरा श्रीकांत त्यांचा पहिला शिष्य. त्यानं सोमवारी भात सोडला आणि शनिवारी तो इतका चिडचिडा झाला, की रविवारी मीच त्याच्यापुढे वरणभाताचं ताट ठेवलं. त्यानं ते दार लावून खाल्लं. तरी काकांनी जिन्यात त्याला गाठलंच. त्याच्या चेहऱ्याकडे बघून दुःखानं म्हणाले, "वरणभात खाल्लास. डोळ्यांत सुस्ती दिसते."

गंमत बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायला हवी. त्यांना गुण येत होता. पोट उतरलं. जिना चढताना मध्ये थांबून कठडा धरायचे, ते बंद झालं. घरच्या यंत्रावरची साखरही खाली येऊ लागली. काकूसुद्धा एकदा, ते घरात नसताना, मला म्हणाल्या, "दिसतात बरं आता. पन त्यांना नका सांगू, नायतर मनापन गुहेत नेतील."

यश मिळालं आणि काका आणखी पुढे गेले. पूर्वजांना रोज शिकार थोडीच मिळायची? म्हणून त्यांनी एकवेळ जेवायला सुरुवात केली. सकाळी उपाशीपोटी चालून यायचं, गोळी घ्यायची, आणि संध्याकाळपर्यंत कोऱ्या चहावर राहायचं. हे त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सांगितलं की त्या नको म्हणतात. मग कशाला सांगा?"

त्यांचा सगळ्यात मोठा विरोधक घरातलाच होता. दामूदादांचा मुलगा प्रशांत. विचुंब्यात मोठं घर, जमिनीच्या पैशातून थाटलेला वाळू-सिमेंटचा धंदा, गळ्यात सोन्याचा जाड गोफ, आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर जायलाही गाडी. मनानं मोकळा, हसरा मुलगा. काकांना बघितलं की हात जोडून म्हणायचा, "आला आमचा आदिमानव! काका, भाला कुटं ठेवलास?" काका त्याच्याशी बोलताना मात्र घोषणा करत नसत. नुसतं म्हणायचे, "एकदा रक्त तपासून घे रे." आणि प्रशांत म्हणायचा, "मना काय झालाय? रेड्यासारखा हाय मी."

प्रशांतच्या बहिणीची हळद होती. आम्ही दोघंही गेलो होतो. घरासमोर मांडव, मांडवात माणूस मावत नव्हता, डीजेवर कान फाटत होते. जेवणाला उशीर होता. काका माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, आणि सकाळचं चालणं आणि गोळी मात्र ठरल्याप्रमाणे झाली होती. मी त्यांच्याशी काहीतरी बोलले, तर त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग एकदम म्हणाले, "प्रवाशांनी लक्ष द्या. उरणला जाणारी गाडी फलाटावर लागत आहे."

आजूबाजूची पोरं खो-खो हसली. काका रंगात आले असंच सगळ्यांना वाटलं, मलाही. डीजेवाल्यानं गाणं थांबवलं आणि कुणीतरी त्यांच्या हातात माइक दिला. "उरण... चिरनेर... सरकून बसा, सरकून," काका म्हणत होते. लोक टाळ्या वाजवत होते. प्रशांत तर पोट धरून हसत होता.

तेवढ्यात हळदीनं माखलेल्या हातांनी काकू गर्दीतून धावत आल्या. "अरं हसता काय! त्यांचा आवाज बगा!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. शब्द एकमेकांत अडकत होते. सदरा घामानं चिंब झाला होता. ज्या माणसानं आयुष्यभरात एकाही गावाचं नाव कधी अस्पष्ट उच्चारलं नाही, त्याची जीभ उरणपाशी अडखळत होती.

साखर एकदम उतरली होती. काकूंनी कुणाच्या तरी हातातून कोकम सरबताचा पेला ओढून घेतला, त्यात मूठभर साखर टाकून बोटानं ढवळली आणि पेला त्यांच्या ओठांशी लावला. काकांनी दात घट्ट आवळले. भान गेलेलं, पण पथ्य शाबूत! "साखर..." ते पुटपुटले, "साखर हाय यात."

"नाय घातली," काकू म्हणाल्या. "तुमची शप्पत, नाय घातली."

मग ते प्यायले. सगळा पेला प्यायले. पुढे काकू मला म्हणाल्या, "इतकी वरसं संसार केला, त्यांचे शपतेवर खोटी बोलली ती तवढीच."

थोड्या वेळात ते माणसात आले आणि आजूबाजूच्या गर्दीकडे बघून लाजले. प्रशांतनं त्यांना लहान मुलासारखं उचलून गाडीत घातलं. काकू आणि मी मागे बसलो. पनवेलच्या त्यांच्या नेहमीच्या डॉक्टर म्हणजे तरुण बाई, शांतपणे रागावणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. काकूंना वाटलं होतं, आता या आदिमानवाला चांगला झापणार आणि घरी भात सुरू होणार. पण तसं झालं नाही.

"तुम्ही भात कमी केलात, वजन उतरवलंत, हे चांगलंच आहे," त्या म्हणाल्या. "पण या गोळ्या मी भात खाणाऱ्या माणसाला दिल्या होत्या. तो माणूस तुम्ही परस्पर बदललात आणि मला सांगितलंही नाही. गोळी साखर उतरवणार, तुम्ही उपाशी राहून साखर उतरवणार. मग शिल्लक काय राहील?" त्यांनी गोळ्या कमी केल्या. रक्त तपासायला घेतलं; पुढे आलेल्या रिपोर्टात गेल्या तीन महिन्यांची साखर बरी निघाली, पण चरबी वाढलेली. तूप-खोबऱ्यावर गदा आली. डाळी, भाज्या मात्र त्याच दिवशी खायला सांगितल्या. काका खालमानेनं म्हणाले, "पण डॉक्टर, पूर्वज..."

"पूर्वजांना माझ्याकडे घेऊन या. त्यांचंही रक्त तपासते."

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी कोपऱ्यात उभ्या असलेल्या प्रशांतकडे बोट दाखवलं. "पूर्वज राहू द्या. याचं तपासा."

"मना काय..." प्रशांतनं नेहमीचं सुरू केलं.

काका कॉटवर उठून बसले. इमारतीत, पंगतीत, बागेत मी त्यांची शुद्ध, खणखणीत मराठी ऐकली होती. आता ते बोलले ते विचुंब्याच्या घरातलं बोलणं होतं, आणि अगदी हळू. "तुजे बापाचा पाय कापाला नेला, तवा सही मी केली. तू भाइर बसून रडत व्हतास. तुजे पायासाठी मी सही नाय करनार, पशा. आधीच सांगून ठेवतंय."

प्रशांतनं टोचायला बोट पुढे केलं.

त्याची साखर काकांच्या साखरेच्या कितीतरी वर निघाली. डॉक्टरबाईंनी आकडा दोनदा पाहिला. रेड्यासारखा तो गडी भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्याचा चेहरा लहान झाला. काकांचे ते सगळे उपदेश, ती पंगतीतली घोषणा, फ्लॉवरचा भात, कुणासाठी चाललं होतं ते मला त्या दिवशी कळलं. सगळ्या गावाला ते सांगत होते, कारण ज्याला सांगायचं तो ऐकत नव्हता.

"काका, आता सांग," प्रशांत म्हणाला. "भात सोडू ना?"

मला वाटलं, आता निघणार गुहेतला माणूस बाहेर. पण काका म्हणाले, "मना नको इचारू. या समोर बसल्यात त्यांना इचार."

त्यानंतरचे जनूकाका थोडे मवाळ झाले. अगदी सुधारले असं म्हणणार नाही. मोजका भात परत आला, पण तो ते आधी काट्यानं उकरून संशयानं बघत आणि मग खात. प्रत्येक 'पांढऱ्या' गोष्टीवर त्यांचा राग राहिलाच. आमच्या भिंतींना पांढरा रंग दिला तेव्हाही त्यांनी नाक मुरडलं. मात्र कुणी आहाराचं विचारलं, की आधी म्हणायचे, "गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सोडू नका. मी सोडलं, तर हळदीत उरणची गाडी सोडली."

आणि रोज सकाळी ते प्रशांतला घेऊन चालायला जाऊ लागले. पहिल्या दिवशी प्रशांत गाडी घेऊन आला, चालायच्या ठिकाणापर्यंत जायला. काकांनी किल्ली मागून घेतली आणि खिशात टाकली. चालताना ते त्याला शेतांच्या जागा दाखवत. इथं आवणीला, भाताची रोपं लावायला, तुझी आजी चिखलात उभी असायची. इथून डोक्यावर भारे नेत. एकदा मला म्हणाले, "ताई, माझा आजा भात खाऊन धड राहिला हे हिचं खरं आहे. पण तो दिवसभर त्या भातातच राबायचा. आम्ही भात ठेवला आणि राबणं विकलं." हे त्यांना मोबाइलमधल्या त्या गृहस्थानं सांगितलं नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात, दुपारचं जेवून ते खुर्चीत बसले होते, तिथंच त्यांचं हृदय थांबलं. काकू शेजारच्या खोलीत होत्या.

तेराव्यानंतर घरात आम्ही चारपाच जण बसलो होतो. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "नीट भात खाल्ला असता, तर आनखी जगले असते." प्रशांत तडकला. "काकी, भात कमी केला म्हनून तर इतकं जगले!" त्यावर काकूंनी त्या तुपाचा उद्धार केला, प्रशांतनं तुपाची बाजू घेतली, आणि दोघंही भांडता भांडता रडायला लागले. भेटायला आलेल्या डॉक्टरबाईंना काकूंनीच मग विचारलं, "तुमीच सांगा, कोनाचं खरं?"

त्या म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येणार, काकू. एका माणसावरून तसं सांगता येत नाही. पण एवढं खरं, की शेवटपर्यंत ते माझ्या दवाखान्याचा जिना स्वतःच्या पायांनी चढून आले. आणि दर वेळी मला काय खायचं ते सांगून गेले."

आता सकाळी चहा टाकायच्या वेळी खालून हाक येते, "काकी, निंगालीस काय?" प्रशांत उभा असतो, बराच उतरलाय, गोफ सैल झालाय. काकूंनी जन्मात कधी कामाशिवाय पाऊल टाकलं नव्हतं. आता चप्पल घालून त्या खाली उतरतात आणि त्याच्या पुढे चालतात. परवा तो कोपऱ्यावर धापा टाकत थांबला, तेव्हा मी गॅलरीतून ऐकलं, त्या त्याला म्हणत होत्या, "चल, उचल पाय. तुजे काकानी मना सांगून ठेवलाय, पशावर नजर ठेव म्हनून."

काकांनी तसं खरंच सांगितलं होतं की नाही, हे मी काकूंना विचारलेलं नाही.