दिवाबत्तीची संध्याकाळ

त्या ऑफिसात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी ती. तिथे माणसाला कामावरून नाव पडायचं. गेममधल्या भिंती, जिने, छपरं उभी करणारा तो गवंडी. झाडं आणि गवत लावणारी ती माळीणबाई. आणि ह्या सगळ्यावर उजेड पाडायचा, सावल्या टाकायच्या, धुकं सोडायचं, थोडक्यात कोऱ्या जागेत जीव ओतायचा, हे काम ज्यांचं, ते दिवाबत्ती. वय साठीकडे झुकलेलं, म्हणून तोंडावर ‘काका’ आणि पाठीमागे ‘दिवाबत्ती’. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त आवडायचं.

पूर्वी ते एका फोटो स्टुडिओत दिवे लावत. लोकांच्या खिशाखिशात कॅमेरे आले, स्टुडिओला टाळं लागलं आणि काका इकडे आले. “फरक काय पडला?” असं कुणी विचारलं तर म्हणत, “दिवे तेच. फक्त हात भाजत नाही.”

त्यांचं नाव झालं ते एका बोटीच्या धक्क्यामुळे. कंपनीच्या पहिल्या मोठ्या गेममध्ये एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधायला नदीपार जाते. त्यासाठी बोट पकडायची जागा म्हणजे हा धक्का. पत्र्याची शेड, एक बाक, बंद तिकीटखिडकी, ओल्या फळ्या आणि समोर पाणी. गोष्ट लिहिणाऱ्यांच्या लेखी ती नुसती येण्याजाण्याची जागा होती. पण गेम बाजारात आला आणि आक्रीतच घडलं. बोट येऊन निघून जायची, आणि खेळणारा गेममधल्या मुलीला बाकावर बसवून स्वस्थ बसून राहायचा. कुणी लिहिलं, नोकरी गेली तेव्हा मी रोज इथे येऊन बसायचो. कुणी लिहिलं, घरात भांडण झालं की मी धक्क्यावर जाते. भाऊ सापडला की नाही ह्याची आठवण लोकांना राहिली नाही, धक्का मात्र राहिला.

एकाच गोष्टीवरून काका चिडायचे. लोक त्या जागेबद्दल लिहिताना हमखास म्हणायचे, ‘दिवस मावळून गेल्यानंतरची ती शांतता.’

“मावळून?” काका टेबलावर हात आपटायचे. “सूर्य अजून वर आहे की! चांगला दोन बोटं वर ठेवलाय मी. उन्हाची ऊब आहे त्या फळ्यांवर. डोळे काय गहाण टाकलेत लोकांनी?”

“काका, लोक प्रेमाने लिहितात,” गवंडी समजूत घालायचा.

“प्रेमाने लिहा, पण बघून लिहा!”

काही वर्षांनी त्याच गेमचा दुसरा भाग निघाला. मुलगी आता मोठी झालेली, ती पुन्हा त्याच धक्क्यावर परत येते. काकांचं हे शेवटचं काम, त्यानंतर निवृत्ती. त्यांच्या डोक्यात एकच होतं: धक्क्यावर पाऊल टाकताच माणसाला घरी आल्यासारखं वाटलं पाहिजे. नाही वाटलं, तर आजवर लावलेले सगळे दिवे पाण्यात.

अडचण एवढीच, की दरम्यान कंपनीचं सॉफ्टवेअर बदललेलं होतं. जुने दिवे उचलून नव्यात बसत नव्हते. सगळा उजेड पहिल्यापासून, नजरेने जुळवायचा होता.

गवंड्याने सरळ उपाय सुचवला. “शेजारच्या स्क्रीनवर जुना गेम लावून ठेवू का? बघून बघून जुळवा.”

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांना चालायला काठी देऊ केली होती. “आई पोराला फोटो बघून ओळखते का रे? तो धक्का माझ्या डोक्यात आहे. जा, भिंती बांध तुझ्या.”

गवंडी गेला, आणि काकांनी धक्का डोक्यातून स्क्रीनवर उतरवला. दिवस लागले, पण उतरला. शिवाय ह्या वेळी त्यात एक नवीन गंमत घातली: शेडमधल्या दिव्यांभोवती मंद, फुगीर वलयं. संध्याकाळी घरी चालत जाताना रस्त्यावरच्या दिव्यांभोवती ती त्यांना दिसायची, इतकी सुंदर की पाय थबकायचे. ‘इतकी वर्षं दिवे लावतोय,’ ते मनाशी म्हणायचे, ‘आणि हे आजवर दिसलंच कसं नाही?’

सगळ्यांच्या कामाची जमवाजमव करणाऱ्या मॅडमनी, म्हणजे कामाच्या प्रमुखांनी, सर्वांना गोळा करून धक्का दाखवला. “बघा. पहिल्या भागापेक्षा कितीतरी थंड, निळा, उदास. मुलीचं सगळं हरवलंय आता, ते न सांगता कळतं. आणि ती वलयं! डोळ्यांत पाणी असताना दिवा दिसतो, तसा दिसतोय. ह्याला म्हणतात अनुभव.”

काकांना ‘थंड’ आणि ‘निळा’ हे शब्द खटकले. पण कौतुकाच्या ताटात खडा कोण शोधतो? मॅडमना रंगातलं कमी कळतं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. आणि गवंड्याने मनाची समजूत घातली, की काका एवढे मुरलेले, त्यांनी केलंय म्हणजे मुद्दामच केलं असणार. अशा दोन समजुतींवर तो धक्का निवांत उभा राहिला.

ठिणगी पडली ती बायकोमुळे. एका संध्याकाळी दोघं भाजी घेऊन परतत होती. काका रस्त्यात थांबले आणि दिव्याच्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, “अगं, हे बघ. हेच मी गेममध्ये घातलंय. काय सुरेख वलय आहे!”

बायकोने वर पाहिलं. “कसलं वलय?”

“दिव्याभोवती, गोल.”

“अहो, मला तर नुसता दिवा दिसतोय.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय. दिवा आहे, खांब आहे, खांबावर एक पाखरू बसलंय. वलयबिलय काही नाही.” पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली, “उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. चादर पिवळी झाली म्हणून मला ऐकवताय, दूध पिवळट म्हणून दूधवाल्याला ऐकवलंत. आता हे. एकदा आपलं आपण तपासून घ्या.”

डॉक्टरबाई वयाने लहान, पण बोलायला मोकळ्या. “मोतीबिंदू आहे, काका. दोन्ही डोळ्यांत. चांगले पिकलेत.”

“कधीपासून?”

“कित्येक वर्षं झाली असतील. हा दार वाजवून येत नाही, लांबच्या नातेवाइकासारखा येतो आणि मुक्कामच ठोकतो. तुम्ही जग चहाच्या रंगाच्या, पिवळट काचेतून बघत होतात म्हणा ना. आधी उजवा डोळा करू, महिन्याभराने डावा.”

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी काका पलंगावर बसल्या बसल्या म्हणाले, “चादर बदललीस?”

“तीच आहे,” बायको म्हणाली. तिने पुढे काही ऐकवलं नाही, हा तिचा मोठेपणा.

काही दिवसांनी डॉक्टरांनी परवानगी दिली तसे काका ऑफिसात गेले आणि सगळ्यात आधी धक्का उघडला. उघडला आणि बघतच राहिले. बर्फाचा कारखाना! फळ्या निळ्या, पाणी निळं, शेडचा पत्रा निळा. दिव्यांभोवती कापूस पिंजून चिकटवल्यासारखे गोळे. त्यांनी उजवा डोळा मिटला. डाव्याने बघितलं तर त्यांची उबदार संध्याकाळ जागच्या जागी. उजवा उघडला, की पुन्हा बर्फ. मिट, उघड, मिट, उघड. पिवळट डोळ्यांना ऊन बेताचं दिसेपर्यंत ते चित्रात निळा ओतत गेले होते.

“काका, डोळा मारताय का कुणाला?” गवंड्याने विचारलं.

काका हसले नाहीत. “मला जुना गेम लावून दे,” एवढंच म्हणाले.

आपला खरा धक्का निदान तिथे तरी शाबूत असेल, ह्या भरवशावर ते बसले. तो बघायचा, तसा नवा करायचा, की झालं. मुलगी शेडमधून चालत फळ्यांवर आली. काकांनी डावा डोळा हाताने झाकला.

ऊन नव्हतं.

नवा धक्का होता तेवढा निळा हा नव्हता, पण सावल्यांमध्ये एक करडी, निळसर झाक होती. दोन बोटं वर ठेवलेला सूर्य ढगामागे पुसट झालेला होता, आणि त्याचा उजेड फळ्यांपर्यंत पोचतच नव्हता. जे दिसत होतं त्याला एकच नाव होतं: दिवस मावळून गेल्यानंतरची शांतता.

म्हणजे तेव्हाही काच चहाचीच होती, जरा फिकी इतकंच. लोकांनी नीट बघूनच लिहिलं होतं. ज्या संध्याकाळीत ते वर्षानुवर्षं येऊन बसले, ती काकांनी स्वतः कधी पाहिलीच नव्हती. आणि जी काकांनी पाहिली, ती दुसऱ्या कुणाला दिसली नव्हती.

दुपारी ते मॅडमकडे गेले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. “म्हणजे इतके दिवस आम्ही कौतुक कशाचं करत होतो?”

“माझ्या मोतीबिंदूचं.”

मॅडम इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. काकाही हसले, न हसून करतात काय? हसू ओसरल्यावर मॅडम म्हणाल्या, “असू दे ना मग. छान दिसतंय ते. कुणाला कळणार आहे?”

“परत येणाऱ्याला कळेल. तो इथे वर्षानुवर्षं बसलाय, मॅडम. त्याला पाय ठेवल्याबरोबर कळेल की घर दुसऱ्याच कुणाचं आहे.”

“मग कसा करणार? तुमच्या मनात होता तसा? सोनेरी?”

मनातली संध्याकाळ करायची ही शेवटचीच संधी होती, आणि आता ती नेमकी उतरवणारा डोळाही हाताशी होता. “नाही,” ते म्हणाले. “तोही त्यांच्या ओळखीचा नाही. त्यांना दिसला तसा करतो.”

मग चष्म्याच्या डाव्या काचेवर कागद चिकटवून, शेजारी जुना गेम लावून काका कामाला बसले. येणारा-जाणारा विचारायचा, “काय काका, जहाज लुटायला निघालात?” काका म्हणायचे, “माझंच लुटतोय. बोलू नकोस.” वलयं निघाली. पाण्याचा निळा थोडा थोडा करून उतरला. ऊन घालायचा मोह एकदा झाला. त्यांनी घातलं, बघितलं आणि हळूच काढून टाकलं.

काम संपलं त्या दुपारी आजूबाजूची मंडळी चहाला गेलेली होती. काकांनी चष्म्यावरचा कागद सोलला आणि उजवा डोळा मिटला. डाव्या, जुन्या डोळ्याला धक्क्यावर ऊन दिसलं, फळ्यांवर पिवळंधमक पसरलेलं. पुढच्या आठवड्यात हाही डोळा व्हायचा होता. त्यानंतर हे ऊन कुठेच दिसणार नव्हतं, ह्या पडद्यावरही नाही आणि घरच्या खिडकीतही नाही. ते थोडा वेळ बघत बसले. मग दोन्ही डोळे उघडून त्यांनी काम जतन केलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरच्या एका बाईंना खेळून बघायला बोलावलं होतं. पेशाने नर्स, पहिला गेम खेळलेल्या. त्यांना काकांबद्दल किंवा डोळ्यांबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या खेळत होत्या; मागे मॅडम, गवंडी आणि काका उभे. मुलगी डोंगर उतरली, झाडीतून बाहेर आली, धक्क्याच्या पहिल्या फळीवर तिने पाऊल ठेवलं.

नर्सबाईंनी मुलीला शेडमध्ये नेलं, बाकावर बसवलं आणि स्वतः हातातलं यंत्र मांडीवर ठेवून खुर्चीत मागे टेकल्या. पलीकडून बोट आली, थांबली, भोंगा वाजवून निघून गेली.

“अडकला का गेम?” मॅडम कुजबुजल्या.

गवंडी पुढे वाकू लागला, तसं काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“अडकला नाही रे. बसू दे त्यांना.”