मी बदललेली फीत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे, पण जीभ अजून अडखळते.

मी शिरूरला रुग्णवाहिकेवर काम करते. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला निघालेली जीप भर दुपारी उलटली, तेव्हा आमचीच गाडी पहिली पोचली. जखमी बरेच, आणि स्ट्रेचर एक. अशा वेळी मनगटाला फिती बांधतात — लाल म्हणजे आधी न्या, पिवळी म्हणजे थांबू शकेल, काळी म्हणजे संपलं. ओरडणाऱ्याआधी गप्प असलेल्याला बघायचं, हे मला पाठ होतं.

सांडलेल्या शेवंतीत एक म्हातारी गप्प बसली होती. रक्ताचा थेंब नाही. पण हात थंडगार, नाडी नुसती पळत होती, पोट ताठ — रक्त आत वाहत होतं. मी लाल फीत बांधली.

तेवढ्यात जीपमधलेच गावचे पुढारी आप्पा ओरडायला लागले. त्यांचा पाय मोडला होता, एवढंच. पण भोवती जमलेला सगळा गाव दम देत होता. "आधी आप्पान्ला घ्या! न्हाईतर गाडी हलू देणार न्हाई." कुणीतरी माझा दंड धरला. ही बाई मरेल, असं मी ओरडून सांगायला हवं होतं ना? नाही सांगितलं. घाबरले.

आप्पांना गाडीत घेतलं. इथवर भीती म्हणता येईल. पण पुढचं? लाल फितीची बाई मागे का ठेवली, असं उद्या कुणी विचारेल — म्हणून मी परत गेले, लाल फीत सोडली आणि काळी बांधली.

तिनं मनगटाकडे पाहिलं. "पोरी, रंग का गं बदललास?"

मी गाठ घट्ट केली आणि गाडीकडे वळले.

आमच्यानंतर आलेल्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं मागाहून सांगितलं, ती शुद्ध हरपून पडल्यावर काळी फीत बघून लोकांनी तिच्यावर चादर टाकली होती. "ताई, चादर हलत व्हती. आमी म्हटलं, वाऱ्यानं. बाकीच्यांना उचलून तिच्यापाशी गेलो, तवर थांबली व्हती." मग म्हणाला, "पन त्या दिवशी वारं कुठं व्हतं?"

कागदावर मी लिहिलं — पोचण्यापूर्वीच मृत्यू.

तेराव्यानंतर तिची लेक दौंडहून मला शोधत आली. आवाज हुबेहूब आईचाच. "ताई, आई काय बोलली का वो?"

"नाही," मी म्हणाले. "मी पोचायच्या आधीच गेल्या होत्या."

"म्हंजी तरास झाला न्हाई," ती म्हणाली, आणि माझे दोन्ही हात तिनं कपाळाला लावले.

मी ते लावू दिले.